एरंडेलाचा हात

ओला रॉड दिसला की माझं डोकं आजही फिरतं. माझी सगळी नोकरी परभणीतल्या एका वर्कशॉपच्या भांडारात झाली. कुलूप, किल्ल्या, रजिस्टर आणि मी. नवा वेल्डर कामाला लागला की पहिल्याच आठवड्यात त्यानं माझ्या शिव्या खायच्या हे ठरलेलं. ही पोरं वेल्डिंगच्या रॉडचं पाकीट फोडतात, दोन रॉड काढतात आणि बाकीचं पाकीट तसंच उघडं, गार फरशीवर टाकून चहाला जातात. एकदा एकजण मला म्हणाला, "मॅडम, रॉडच हायेत की, पापड थोडेच हायेत सादळायला?" त्याला मी त्या दिवशी एकही रॉड दिला नाही. साहेबांनी बोलावून विचारलं, तेव्हा म्हटलं, त्याला पापड मागवून द्या. माझ्या माघारी लोक मला काय म्हणायचे ते मला चांगलं माहीत होतं. म्हणू देत. आता निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. मुलगी म्हणते, आई, किती राग करशील, बीपी वाढतं, सोडून दे. अगं बाई, मी काय हौसेनं धरून बसलेय होय? तोच मला सोडत नाही. म्हणून एकदाचं लिहून काढते. ज्यांना वाईट वाटायचं त्यांना वाटू द्या.

आमचं घर पेडगावात, वस्तीच्या कडेला. दोन खोल्या, पुढं पत्र्याचं शेड आणि शेडात बापूंचं वेल्डिंगचं मशीन. बापू म्हणजे माझे वडील, सखाराम. तरुणपणी धरणाच्या कामावर माती उचलायला गेले आणि वेल्डर होऊन परत आले. माय मी दुसरीत असतानाच गेली, तेव्हापासून घर आत्याच्या हातात. आत्या ही बापूंची थोरली बहीण, नवऱ्याच्या माघारी आमच्याकडं आली ती आमचीच झाली. सकाळी शेडात मशीन घूं करायला लागलं की इकडं चुलीवर तवा चढायचा. बापूंनी रॉड टेकवला की आतल्या खोलीतला बल्ब एकदम मंद व्हायचा आणि आत्या ओरडायची, "आरं सख्या, भाकर दिसंना की मला!" बापू वेल्डिंगच्या काळ्या काचेमागूनच म्हणायचे, "करपली की वास येतोय, उलट." ज्वारीच्या भाकरीचा, येसराच्या आमटीचा आणि जळक्या लोखंडाचा वास आमच्या घरात एकच होऊन गेला होता. शाळेत माझ्या शेजारी बसणारी मुलगी म्हणायची, तुझ्या वह्यांना फटाक्यांचा वास येतो. गावातले लोक नांगराचा फाळ, वखराची पास, ट्रॉलीचे फळके घेऊन यायचे. आधी आमच्या अंगणात पाय ठेवायला ज्यांना जड जायचं, तेही यायचे, कारण मोडक्या फाळाला पेरणीपुढं थांबता येत नाही. बापूंचा एक नियम होता. जोड झाला, गार झाला की गिऱ्हाइकाच्या हातात घण द्यायचा आणि म्हणायचं, "हाणा तीन." तीन घणात जोड राहिला तर सामान न्यायचं. जोड कधी निघायचा नाही. आणि रंग असेल तर तो घणानंतर लावायचा.

आता रॉडचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. वेल्डिंगचा रॉड म्हणजे लोखंडाची तार आणि तिच्यावर राखाडी मसाल्याचा लेप. सगळी करामत त्या मसाल्यात असते. तो हवेतली ओल पितो. आमच्याकडं काळी माती. पावसाळ्यात भिंती कमरेपर्यंत ओलसर, मिठाला पाणी सुटायचं, काडीपेटी पेटायची नाही. सादळलेला रॉड टेकवला की चिकटतो, तडतडतो, ठिणग्या भलतीकडं उडतात, आणि जोडाच्या पोटात बारीक बारीक भोकं पडतात. वरून जोड छान दिसतो. आत पोकळ असतो. त्यामुळं रॉड कोरडे ठेवणं हे काम, आणि ते सहावीपासून माझं काम होतं. बापूंनी मला एक पत्र्याची पेटी दिली होती. तिच्यात खाली शंभरचा बल्ब, वर जाळी, जाळीवर रॉड. लाईट असली की बल्ब दिवसभर जळायचा. लाईट गेली की मी रॉड चुलीच्या वैलावर एका जुन्या तव्यात शेकायची, पापडासारखे उलटून पालटून. मग दोन रॉड एकमेकांवर वाजवून बघायचे. कोरडे असले की खणखणीत वाजतात, सादळले असले की बद्द वाजतात. बापूंच्या हातात पाकीट देताना मी नुसतं म्हणायची, "वाजवून दिलेत." त्यांनी कधी पुन्हा वाजवून बघितले नाहीत. इतका भरवसा होता. मला त्याचा लय तोरा होता, खोटं कशाला बोलू.

आत्याला ती पेटी आवडायची नाही. "खामखा दिवसाढवळ्या बल्ब जाळायलीस," असं तिचं चालायचं. तिच्या हाताला साठवणीचं यश होतं, ते मात्र कबूल केलं पाहिजे. तिच्या डब्यातल्या तुरीच्या डाळीला कधी किडा लागला नाही. उन्हाळ्यात डाळ अंगणात पसरायची, कडक वाळवायची, मग वाटीत एरंडेल घेऊन दोन्ही तळहातांना चोळायचं आणि सगळ्या डाळीवरून हात फिरवायचा. गव्हाला तसंच. कडुनिंबाचा पाला वर, झाकण घट्ट, की वर्षाची काळजी मिटली. शेजारच्या बाया तिला बोलावून न्यायच्या, आमच्या डाळीला तुमचा हात लावा म्हणून. तिला वाटायचं, जगात जे काही साठवायचं असतं त्याला एरंडेलाचा हात लावला की झालं.

मी दहावीत होते त्या पावसाळ्यात माणिकरावांच्या शिडीचं काम आलं. माणिकराव गावातले मोठे जमीनदार. पावसानं उघडीप दिली होती, कापूस माना टाकायला लागला होता आणि नेमका त्यांच्या विहिरीतल्या मोटारीचा फुटबॉल गाळानं गच्च झाला. पाइपाच्या तळाशी पाणी धरून ठेवणारी जी झडप असते, तिला आमच्याकडं सगळे फुटबॉलच म्हणतात. विहीर खोल, खाली कातळ आणि जेमतेम गुडघाभर पाणी. जुनी लाकडी शिडी कुजलेली. बापूंना बोलावणं आलं: लोखंडी शिडी पाहिजे, चौदा पायऱ्यांची. उतरणार कोण, तर त्यांचे सालगडी लक्ष्मणकाका. ते आमच्याच वस्तीतले. माय गेली तेव्हा चार दिवस त्यांच्या घरून आम्हाला भाकरी आल्या होत्या.

बापू त्या दिवशी जेवताना भाकरी हातात धरून नुसते बसले होते. त्याच विहिरीवर माझे आजोबा हात जोडून लांब उभे राहायचे आणि कुणी वरून ओंजळीत पाणी ओतलं तर प्यायचे. बापू लहानपणी आजोबांचा सदरा धरून शेजारी उभे असायचे. "आता त्या हिरीत आपली शिडी बसणार," बापू म्हणाले. दोनदा म्हणाले. मला त्या वेळी त्यांचा इतका अभिमान वाटला की आज आठवलं तरी जास्तच संताप येतो.

त्याच आठवड्यात मी परभणीला मावशीकडं बाळाच्या नामकरणाला दोन दिवस गेले. जाताना पेटीत दोन पाकिटं लावून गेले, आत्याला सांगून गेले: "लाईट गेली तर तव्यावर शेक, दुसरं काही करू नको." परत आले तेव्हा दुपार होती. शेडात शिडी उभी होती, लाल रंग लावून, ओली चकचकीत. मी आधी पेटीकडं गेले. झाकण उघडलं आणि तो वास आला. उरलेले पाच-सहा रॉड पिवळट, तुकतुकीत, हाताला बुळबुळीत. आत्या पदराला हात पुसत मागून आली. इतकी खूश होती ती. "लाईट दोन दिस न्हाई आली, सुजे. मग म्या ऊन दाखवलं अन् एकेका रॉडला एरंडेलाचा हात लावला. आता काय बिशाद हाय ओल लागायची!"

तिच्यावर ओरडले, हो, ओरडले. "आत्या, ही काय तूर हाय का?" ती घाबरून दोन पावलं मागं सरली. तेलकट रॉड ओल्या रॉडपेक्षा वाईट. तेल जळतं, धूर होतो, आणि तो धूर जोडाच्या पोटात अडकतो. पण तिला ते कुणी सांगितलं होतं? शाळेत न गेलेली बाई, तिला जे येत होतं ते तिनं मनापासून केलं. तिच्यावरचा माझा राग चार दिवसांत उतरला. त्या वेळी मात्र मी तशीच बापूंकडं गेले. ते कानस साफ करत बसले होते.

"बापू, रॉडला एरंडेल व्हतं."

"हं."

"शिडी त्याच रॉडनं मारली?"

"आज सकाळी लाईट आली व्हती, तेवढ्यात उरकली. मालकाची गाडी यायलीय."

"धूर न्हाई झाला?"

त्यांनी वर बघितलं नाही. भाकरी करपली तर काचेमागून ज्यांना वास यायचा, त्यांना जळक्या एरंडेलाचा वास आला नसेल? तो वास तर माणसाला खोकला आणतो. मग मी तो प्रश्न विचारला. "घण मारला का?" बापू म्हणाले, "रंग लावलाय. आता घण मारला तर रंग जाईल." आणि मला सगळं कळलं. रंग आधी लावला होता. घण टाळायला लावला होता.

मी त्यांना म्हटलं, चुलीमागच्या भानवशीवर डब्यात अर्धं पाकीट कोरडं आहे, मी वाजवून ठेवलंय, आत्ता रंग खरवडू, सगळे जोड पुन्हा मारू, दोन तासांचं काम आहे. म्हटलं, उद्या लक्ष्मणकाका उतरणार हायेत, खाली कातळ हाय. बापू एकदम भडकले. "गाडी माघारी धाडून मालकाला काय सांगू? बहिणीनं रॉडला एरंडेल चोळलं म्हणून? गावभर हसतील. म्हणतील, द्या आणखी यांना काम! एवढी काय लगेच मोडत न्हाई शिडी." मी दुसऱ्यांदा सांगितलं. त्यांनी कानस आपटली आणि बाहेर गेले. संध्याकाळी बैलगाडी आली, शिडी गेली. गाडीवानानं विचारलं, "सखाराम, घण न्हाई का मारायचा आज?" बापू हसून म्हणाले, "घरचंच काम हाय, ने." ते हसणं मी विसरू शकत नाही. माणूस हसू कसा शकतो?

सकाळी बापू अंघोळीला बसले तेव्हा मी घण उचलला आणि निघाले. शाळेचा गणवेश अंगावर होता. विहिरीवर पोचले तेव्हा शिडी काठावर आडवी होती, लक्ष्मणकाका तिला वरच्या बाजूला दोर बांधत होते, माणिकराव आणि आणखी दोन माणसं बाभळीखाली उभी होती. सांगत बसले असते तर माझं कुणी ऐकलं नसतं, दहावीतल्या पोरीचं कोण ऐकतं? मी सरळ शिडीवर घण हाणला. पहिली पायरी राहिली. दुसरी राहिली. तिसरी एका घावात निघून लांब जाऊन पडली. "ए, ए! कुणाची पोर हाय ही?" माणिकराव ओरडले. एकजण मला धरायला धावला, तोवर पाचवी गेली. नववी गेली. मग त्यानं माझा दंड धरला. लक्ष्मणकाकांनी खाली पडलेला गज उचलला आणि तुटलेलं टोक उन्हात धरलं. आत धिरड्यासारखी जाळी होती. ते विहिरीत डोकावले, मग पुन्हा गजाकडं बघितलं.

बापू सायकल दामटत आले. अर्धवट अंघोळ, सदऱ्याची बटणं उलटसुलट. माणिकराव म्हणाले, "सखाराम, ही शिडी दिलीस व्हय रे आमाला?" बापूंनी तुटलेले गज बघितले, माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता बोलतील. खरं सांगते, मला पूर्ण खात्री होती. बापू म्हणाले, "पोरीनं रॉड ओले ठिवले, मालक. रॉड तिच्याकडं असत्यात. मला काई सांगितलंच न्हाई तिनं." आणि त्या सगळ्यांच्या समोर माझ्या कानाखाली मारली.

मला काई सांगितलंच न्हाई. हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल मनात? थापडीचं मला काही नाही. थापडा सगळ्याच घरांत असायच्या. पण मी दोनदा सांगितलं होतं. तोंडावर सांगितलं होतं. मी तिथं उभी राहून "खोटं हाय" असं का म्हटलं नाही, हे लोक मला विचारतात. तोंडच उघडेना. आत्याचं नाव घेतलं असतं तर ती माणसं पोट धरून हसली असती, हेही डोक्यात होतं. पण मुख्य म्हणजे जीभच हलेना, रागानं. मी काही थोर मनानं गप्प बसले नाही. तसं कुणी लिहू नये.

शिडी परत घरी आली. भानवशीवरच्या त्याच अर्ध्या पाकिटानं बापूंनी सगळे जोड पुन्हा मारले. दोन तासच लागले. मी शेडात पाऊल टाकलं नाही. आत्या चुलीपुढं बसून रडत होती, भाकरी खरंच करपत होती आणि कुणी काही म्हणत नव्हतं. दुपारी शिडी पुन्हा विहिरीवर नेली. बापूंनी या वेळी घण सोबत घेतला होता. तो त्यांनी लक्ष्मणकाकांपुढं धरला. "हाणा तीन."

लक्ष्मणकाकांनी हात मागं घेतले. "पोरीला बोलीव."

"कुणाला?"

"सुजाताला. ती हाणंल अन् मग मी उतरंन."

माणिकराव हसले. "लक्ष्मण, येवढ्याशा पोरीच्या घणावर उतरणार व्हय तू?"

"उतरणार मी हाय न्हवं, मालक?" लक्ष्मणकाका म्हणाले.

मला बोलवायला माणूस आला. मी गेले. बापूंनी शिडीचं एक टोक दाबून धरलं होतं, मान खाली. मी पहिल्या पायरीपासून सुरू केलं. चौदा पायऱ्या, प्रत्येकीला तीन. हाताला फोड आले, कानात नुसता लोखंडाचा आवाज. आणि जे आजवर कुणाला सांगितलं नाही ते आता सांगते. प्रत्येक घावाला मला वाटत होतं, तुटावी. एक तरी तुटावी. याच माणसांसमोर, बापूंच्या हातात असताना तुटावी. मी लक्ष्मणकाकांसाठी घण मारत होते असं सगळ्यांना वाटत होतं. त्यांचा जीव त्या पायऱ्यांवर होता, मला ते कळत होतं, आणि तरी मला वाटत होतं. एकही तुटली नाही. बापूंचं काम चांगलंच होतं, रॉड कोरडा असला की. लक्ष्मणकाका उतरले, गाळ काढला, फुटबॉल बसवला, वर आले आणि हातपाय धुऊन बैलांकडं गेले.

गावात मात्र बापूंचंच वाक्य राहिलं. मॅट्रिकला मला गणितात चांगले मार्क पडले तेव्हाही एकानं विचारलं, "तीच न्हवं का ही, ओल्या रॉडवाली?" मी त्या दिवसानंतर बापूंच्या पेटीला हात लावला नाही. आत्यानं शिकून घेतलं, ती रॉड शेकायला लागली, वाजवून बघायला लागली. बापू ते पुन्हा स्वतः वाजवून बघायचे.

विहिरीवरच्या त्या दिवशी दिवेलागणीला आम्ही तिघं जेवायला बसलो. आत्या म्हणाली, "सख्या, म्या जाते अन् सांगते, एरंडेल म्या लावलं म्हणून." बापू म्हणाले, "तू गप बस." मग भाकरीचा तुकडा मोडता मोडता, ताटाकडं बघत, बापू म्हणाले, "सुजे, चूक माझी व्हती. तू सांगितलं व्हतंस."

मी म्हटलं, "हितं नगा म्हणू, बापू. हिरीवर चला अन् तिथं म्हणा."

त्यांनी ताटात हात धुतले आणि उठले. विहीर आमच्या घरापासून चालत पाव तासावर होती. बापू त्यानंतर बावीस वर्षं जगले.